फ्लॅश स्मृती आणि गृहसंगणकाची गती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासात प्रक्रियकाच्या वाढत्या वेगाची चर्चा विपुल झाली आहे. स्मृतीच्या इतिहासाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. वास्तविक घरातील संगणक संथ चालतो तेव्हा पुष्कळदा प्रक्रियक रिकामा बसून स्मृतीकडून येणाऱ्या माहितीची वाट पाहत असतो. पेन ड्राइव्ह जोडून हा खोळंबा कमी करण्याची सोय २००७ साली उपलब्ध झाली. प्रस्तुत लेखात तिची पूर्वपीठिका, कार्यपद्धती व मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे. हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात संगणकसाक्षरता पोहोचविली. परंतु सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील वळसंगसारख्या गावात जुना संगणक टाकून नवा घेणे प्रत्येक कुटुंबाला परवडतेच असे नाही.

पूर्वपीठिका :

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची मुख्य स्मृती फेराइटच्या सूक्ष्म कड्यांची होती. तीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. आजच्या परिभाषेत ही क्षमता अवघी १० किलोबाइट भरते. स्मृती महाग, म्हणून थोडी. आणि थोडी, म्हणून तिला स्वस्त पण संथ साठवणीची जोड आवश्यक, ही अडचण तेव्हापासूनची आहे. मँचेस्टर येथील ‘ॲटलस’ संगणकाने १९६२ साली जलद कडीस्मृती व संथ चुंबकीय ड्रम यांना एकत्र बांधून आभासी स्मृतीची कल्पना प्रत्यक्षात आणली. मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली, वारंवार लागणारी माहिती लहान व जलद स्मृतीत हाताशी ठेवण्याची कल्पना मांडली. हीच पुढे ‘कॅश’ या नावाने रूढ झाली.

फेराइटच्या कड्या वीज गेल्यावरही आशय जपत. १९७० नंतर त्यांची जागा घेणाऱ्या अर्धवाहक रॅममध्ये हा गुण नव्हता. तोशिबा कंपनीतील अभियंता फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली मांडलेल्या फ्लॅश या अर्धवाहक स्मृतीत मात्र तो होता. १९८७ साली तिचा ‘नँड’ हा प्रकार पुढे आला. पेन ड्राइव्ह त्यावरच आधारलेले आहेत.

कार्यपद्धती :

मायक्रोसॉफ्टने जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आणलेल्या विंडोज व्हिस्टात ‘रेडीबूस्ट’ ही सुविधा होती. तिचे मर्म हार्ड डिस्कच्या रचनेत आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा जातो. शीर्ष सरकण्याचा वेळ निराळाच. फ्लॅशमध्ये फिरणारा भागच नसल्याने विखुरलेल्या लहान तुकड्यांचे वाचन त्वरेने होते. सलग मोठे वाचन मात्र डिस्कच अधिक चांगले करी. म्हणून रेडीबूस्ट लहान, विखुरलेल्या वाचनासाठी पेन ड्राइव्हचा व सलग वाचनासाठी डिस्कचा उपयोग करीत असे. पेन ड्राइव्हवर ठेवलेली माहिती ही केवळ प्रत असे, तीही संक्षिप्त व सांकेतिक रूपात. त्यामुळे तो मध्येच काढला तरी माहिती नष्ट होत नसे किंवा परक्याच्या हाती वाचनीय रूपात पडत नसे.

मर्यादा :

या सुविधेमुळे रॅम वाढते, हा समज मात्र चुकीचा होता. यूएसबीद्वारे जोडलेली फ्लॅश रॅमपेक्षा कितीतरी संथ असते. ती रॅमची जागा घेत नसून डिस्कचा भार हलका करते. त्यामुळे ५१२ मेगाबाइट रॅम असलेल्या संगणकावर लाभ जाणवण्याची शक्यता अधिक, तर भरपूर रॅम असलेल्यावर तो नगण्य होता. शिवाय प्रत्येक पेन ड्राइव्ह आवश्यक वेगाच्या कसोटीस उतरत नसे. २००९ साली आलेल्या विंडोज ७ मध्ये, मूळ डिस्कच पुरेशी जलद आढळल्यास ही सुविधा बंद ठेवली जाई. फ्लॅश स्वस्त होत गेली, तसतशी एसएसडीच्या रूपाने ती हार्ड डिस्कच्या मदतनिसाऐवजी तिची वारसदार ठरली.

निष्कर्ष :

फ्लॅशचा कॅश म्हणून गृहसंगणकातील वापर हा संक्रमणकाळातील उपाय होता. त्यामागील तत्त्व मात्र टिकून आहे. गती वाढविण्यापूर्वी खोळंबा नेमका कोठे आहे हे शोधले पाहिजे. रॅम अपुरी असेल तर रॅम वाढवावी. डिस्क संथ असेल आणि संगणकात साटा जोडणी असेल तर एसएसडी बसवावी. त्यामुळे जुन्या यंत्राचे आयुष्य वाढू शकते. अर्थात गती आणि सुरक्षितता हे भिन्न प्रश्न आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे नियमित साहाय्य संपल्याने महाविद्यालयांपुढे जुन्या संगणकांचा प्रश्न उभा आहे. ते निकाली काढण्यापूर्वी प्रत्येक यंत्राची अशी स्वतंत्र तपासणी करणे, ही सार्वजनिक पैशाची काटकसर आणि ग्रामीण विद्यार्थ्याच्या शिक्षणसंधीचे रक्षणही आहे.