लेप, पट्टी आणि हात : श्रमोत्तर अश्वशुश्रूषेच्या लेखनपरंपरेविषयी

घोडा धावत असतो तोवर साहित्य त्याच्यासोबत असते. तो परतून ठाणावर उभा राहिला की लेखणी बहुधा त्याला तेथेच सोडते आणि स्वाराच्या मागे जाते. रणांगणावरील, मृगयेतील आणि शर्यतीतील अश्वाची वर्णने विपुल आहेत; परंतु श्रमानंतर त्याचे पाय चोळणारा, लेप लावणारा, पट्टी बांधणारा माणूस फार थोड्या संहितांत भेटतो. प्रस्तुत निबंधात अशा काही संहिता एकत्र वाचून एक प्रश्न विचारावयाचा आहे : या शुश्रूषेतील नेमके काय लिहिले गेले आणि काय लेखनाबाहेर राहिले?

प्रथम या शुश्रूषेचे शारीर कारण ध्यानात घ्यावयास हवे. घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतात. तेथे हाड, कंडरा आणि त्वचा असते. दौडीत कंडरांवर मोठा भार येतो. १९९४ साली विल्सन आणि गुडशिप यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दौडणाऱ्या घोड्याच्या कंडरेच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढल्याचे आढळले. श्रमानंतर घोडा एका जागी उभा राहिला की पायांतील द्रव वर सरकत नाही आणि पाय सुजतात. पट्टीच्या दाबाने ही सूज आवरते. मात्र तापलेल्या पायावर लगेच बांधलेली पट्टी उष्णता कोंडते आणि असमान ताणाची पट्टी कंडरेलाच इजा करते. म्हणून आधी पाय निववावा लागतो आणि तो निवला की नाही, हे तळहाताने पाहावे लागते. लेपाची कृती सांगता येते. हा स्पर्श मात्र हातानेच शिकावा लागतो.

अश्वशिक्षणावरील अतिप्राचीन ग्रंथांपैकी एक अशाच हाताचा आहे. तुर्कस्तानातील बोगाझकोय येथील उत्खननात सापडलेली, इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या सुमाराची हित्ती भाषेतील मृत्तिकाफलके ‘किक्कुली’ या मितन्नी देशीच्या अश्वशिक्षकाच्या नावाने बोलतात. त्यांतील ‘ऐकवर्तन्न’, ‘तेरवर्तन्न’, ‘पंझवर्तन्न’ या संज्ञांतून भारतीय-आर्य संख्यावाचके स्पष्ट ऐकू येतात, म्हणून भाषाभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, येथे दौडीच्या अंतराइतकीच दौडीनंतरची कामेही तपशिलाने नोंदली आहेत : घोड्याला धुणे, पांघरूण घालणे, चारा देणे. जो काम करतो तोच येथे बोलतो.

पुढील काळात हे ऐक्य टिकत नाही. इ.स.पू. चौथ्या शतकात झेनोफनने ग्रीक भाषेत अश्वविद्येवर लिहिले ते मालकासाठी. सेवकाकडून काय करवून घ्यावे आणि काय करू देऊ नये, हे त्याला कळावे म्हणून. घोड्याचे पाय धुण्याची चाल तो निषिद्ध मानतो, कारण रोजच्या ओलीने खुरांना अपाय होतो असे त्याचे मत आहे. आज हे मत जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. पण लिहिणारा आणि पाय हाताळणारा यांच्यातील अंतर येथे उघड दिसते.

भारतीय परंपरेत हे अंतर निराळ्या रीतीने प्रकट होते. महाभारताच्या द्रोणपर्वात, जयद्रथवधाच्या दिवशी, अर्जुनाचे घोडे थकतात व बाणांनी घायाळ होतात. भर रणात अर्जुन बाणाने भूमीतून जलाशय निर्माण करतो, बाणांचेच गृह उभारतो आणि पायउतार होऊन शत्रूला थोपवून धरतो. त्या अवधीत कृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगांतील शल्ये उपसतो, त्यांना दोन्ही हातांनी चोळतो, पाणी पाजतो, न्हाऊ घालतो, चारा देतो आणि पुन्हा रथाला जुंपतो. प्रतिज्ञापूर्तीला सूर्यास्ताची मुदत असतानाही महाकाव्य या शुश्रूषेसाठी थांबते. येथे कोणत्याही लेपाचे नाव नाही. आहेत ते हात, आणि ते कृष्णाचे आहेत.

याच्या जोडीला विराटपर्वातील नकुल ठेवून पाहावा. तो ग्रंथिक हे नाव घेऊन विराटाच्या अश्वशाळेत राहतो. राजपुत्राला अश्वसेवक होण्यासाठी स्वतःचे नाव लपवावे लागते. उलट अश्वशास्त्राला मान्यता मिळण्यासाठी त्याच नकुलाचे नाव ग्रंथावर घातले जाते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ साली प्रकाशित केलेले सचित्र ‘अश्वशास्त्रम्’ नकुलाच्याच नावावर आहे. भोसले राजांनी जोपासलेल्या या संग्रहामुळे मराठी अभ्यासकांचे त्याच्याशी जवळचे नाते आहे.

शालिहोत्राच्या नावावरील विद्येचा प्रवास याहून लांबचा. संस्कृतातून ती फारसीत गेली, आणि फारसीवरून केलेला जोसेफ अर्ल्सचा इंग्रजी अनुवाद १७८८ साली कलकत्त्यात छापला गेला. या प्रवासात ऋषीचे विशेषनाम झिजून ‘सालोतरी’, म्हणजे घोड्यांचा वैद्य, असे सामान्यनाम झाले. द्रव्यांची नावे, प्रमाणे आणि लक्षणे भाषांतरित होत गेली. मराठ्यांच्या पागेतील मोतद्दार मात्र खरारा आणि मालीश थोरांच्या हाताखाली शिकला. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणाऱ्या शिलेदाराची उपजीविका त्या घोड्याच्या चार पायांवर उभी असे. तरी ते पाय राखणाऱ्याच्या नावावर ग्रंथ नाही.

इंग्रजीत हा सेवक कथेच्या मध्यभागी आला तो १८७७ साली, अ‍ॅना सीवेलच्या ‘ब्लॅक ब्यूटी’ या कादंबरीत. बालपणी घोट्यांना झालेल्या इजेमुळे सीवेलला नीट चालता येत नसे. तिचे हिंडणेफिरणे घोड्यावर अवलंबून होते. मुखपृष्ठावर ती स्वतःला लेखिका म्हणवीत नाही. आपण अश्वभाषेतून केवळ अनुवाद केला, असे सांगते. कथेत घोडा रात्री डॉक्टरला आणण्यासाठी जिवाच्या आकांताने धावतो. परतल्यावर जो नावाचा पोरसवदा सेवक त्याचे पाय आणि छाती मनापासून चोळतो. पण घोडा तापला आहे म्हणून पांघरूण घालीत नाही आणि बादलीभर थंड पाणी पाजतो. घोडा मरणाच्या दारातून परततो. जोचा बाप मुलाच्या अज्ञानाकडे बोट दाखवून क्षमा मागतो, तेव्हा दुष्टपणाच्या खालोखाल अज्ञानच घातक, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळते. हात होते, माया होती, ज्ञान नव्हते. त्यामुळे ‘हातच सर्व काही’ असा सोपा निष्कर्ष काढण्यास ही कादंबरी वाव ठेवीत नाही.

त्याच काळात लेप हातापासून सुटून बाटलीत आला. १८४७ साली इंग्लंडमधील स्लाउ येथे एलिमनचा व्यवसाय सुरू झाला. त्याचे ‘रॉयल’ मर्दन जनावरांसाठी आणि ‘युनिव्हर्सल’ मर्दन माणसांसाठी विकले जाई. अमेरिकेत स्लोनचे लिनिमेंट घोड्यांच्या पायांवरून माणसांच्या सांध्यांवर आले. जाहिरात हा या परंपरेतील नवा साहित्यप्रकार. ग्रंथ निदान ‘केव्हा’ आणि ‘किती’ हे सांगत होता. जाहिरात मुख्यतः ‘कोणते’ एवढेच सांगू लागली.

द्रव्य असे स्वतंत्र झाल्यावर काय होऊ शकते, याचे उदाहरण अलीकडचे आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील अश्वस्पर्धा हाँगकाँग येथे झाल्या. तेथे अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेतील चार घोड्यांच्या तपासणीत कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतील दाहक द्रव्य, आढळल्याचे जाहीर झाले. नॉर्वेच्या संघाचे कांस्यपदक त्यामुळे गेले आणि ते स्वित्झर्लंडला मिळाले. या द्रव्यावरील बंदीचे कारण दुहेरी आहे. ते वेदना बधिर करते, म्हणून मर्दनात वापरले जाते. तेच पायांच्या कातडीवर चोळले तर कातडी हुळहुळी होते. दांडीचा स्पर्शही सोसवेनासा होऊन घोडा पाय अधिक उचलतो. वेदना शमविणारा लेप आणि वेदना निर्माण करणारा लेप यांत द्रव्याचा भेद नाही. भेद आहे तो चोळणाऱ्याच्या हेतूचा आणि वेळेचा. त्या चार घोड्यांच्या बाबतीत हेतू कोणता होता, हा निराळा प्रश्न. पण केवळ द्रव्याच्या नावावरून तो ठरविता येत नाही, एवढे यातून निश्चित होते.

या संहिता एकत्र ठेवल्यावर श्रमोत्तर शुश्रूषेची तीन अंगे दिसतात : द्रव्य, ज्ञान आणि हात. द्रव्य भाषांतरित होते व विकलेही जाते. ज्ञान लिहिले जाते, पण बहुधा मालकाच्या, राजाच्या किंवा ऋषीच्या नावाने. हात लिहिले जातात ते किक्कुलीसारखा शिक्षक स्वतः बोलतो तेव्हा, देव सारथी होतो तेव्हा, किंवा घोडाच निवेदक होतो तेव्हा. तौलनिक साहित्याभ्यासात ग्रंथांच्या प्रवासाचा मागोवा आपण घेतोच. त्या प्रवासात मागे राहिलेल्या मोतद्दाराचा शोध घ्यावयाचा तर शास्त्रग्रंथांइतकेच पागेच्या बोलीतील शब्दही साधन म्हणून वाचावे लागतील.