कारकून संपावर आहे

दारू न पिणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोनच पदव्या मिळतात : सज्जन किंवा बावळट. मी दोन्ही भूषविल्या आहेत. पण चिनी, जपानी आणि कोरियन मंडळींत निदान तिघांतल्या एकाला न पिण्याची सबब जन्मतःच मिळते, तीही आईबापांकडून.

त्याचे असे आहे, की पोटात गेलेल्या दारूचे शरीर आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचे विष करते आणि मग त्या विषाची वासलात लावते. हे दुसरे काम पाहणारा कारकून, म्हणजे एन्झाइम, या मंडळींत कायमचा संपावर असतो. विष साचते. अर्ध्या पेल्यात चेहरा टोमॅटो, छातीत धडधड, पोटात ढवळाढवळ! दारूड्यांसाठी १९४८ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये जी गोळी निघाली, तीही या कारकुनालाच रजेवर पाठवते. डेन्मार्कला जे विकत घ्यावे लागले, ते पूर्वेकडे फुकट!

हा संप तिकडेच का? पंडितांचे तर्क पुष्कळ. कुणी म्हणतो, भातशेती आली, पाठोपाठ तांदळाची दारू आली आणि कमी पिणारे तगले. कुणी म्हणतो, ते साचलेले विष रोगजंतूंनाही मारी. तिसरा म्हणतो, चिन्यांनी पाणी उकळून चहा केला, गोऱ्यांनी घाण पाण्याऐवजी बियर प्यायली, म्हणून त्यांना ती पचते. बियरच्या बाजूने साक्षही आहे. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या पाण्याने कॉलरा होऊन सहाशेवर माणसे दगावली. शेजारच्या बियरच्या कारखान्यातले सत्तरवर कामगार मात्र बचावले. डॉ. जॉन स्नो यांनी चौकशी केली, तर ही मंडळी कारखान्याची बियर पीत, पंपाकडे फिरकतच नसत! तरी एका गल्लीतल्या चार दिवसांवरून अख्ख्या खंडाची कुंडली मांडणे मला काही पटत नाही.

माझा जीव अडकतो तो जपान्यांत. तिथे साहेबाने ओतलेला पेला नाकारणे म्हणजे बढतीच नाकारणे. तिथल्या दारूच्या व्यसनाच्या रुग्णांत हा जनुक एकाच पालकाकडून आलेले लोक १९७९ साली अडीच टक्के होते, १९९२ साली तेरा. तेरा वर्षांत जनुक बदलत नाही हो, आग्रह वाढतो! आणि लाल तोंडाने पीतच राहिलेल्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पट.

दोन्ही पालकांकडून तो जनुक आलेले मात्र व्यसनात जवळजवळ सापडतच नाहीत. पहिल्याच पेल्यात त्यांची अशी अवस्था होते, की साहेबालाच धावत जाऊन टॅक्सी आणावी लागते.