शिपायाचें बोट आणि पडद्यावरील बंदूक

१९४४ सालच्या नॉर्मंडीच्या लढाईवर अलीकडे निघालेले चित्रपट पाहिले, तर रायफल घेऊन चालणाऱ्या नटाचें बोट बहुधा चापापासून दूर, सरळ लांबविलेलें दिसतें. त्या युद्धाच्या मूळ छायाचित्रांत मात्र तेंच बोट पुष्कळदां चापावर टेकलेलें आढळतें. यावरून जुने शिपाई निष्काळजी होते, असें कोणासही वाटेल. वस्तुतः त्यांच्या सावधगिरीचें ठिकाणच निराळें होतें.

नेम धरीपर्यंत चापाला बोट लावूं नये, हा नियम सर्वतोमुखी झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. अमेरिकेंतील जेफ कूपर (१९२०–२००६) यांनीं तो आपल्या चार नियमांत गोंवला. त्यांतील पहिला नियम असा कीं, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असें मानावें. युद्धपटांतील नटांना बहुधा निवृत्त सैनिक तालीम देतात; त्यांच्याकडून ही उत्तरकालीन संवय नकळत १९४४ सालच्या शिपायाच्या अंगीं चिकटविली जाते.

जुन्या काळीं खरी धास्ती होती ती नळीची. ठासणीची बंदूक भरलेली आहे कीं रिकामी, हें वरून कळत नसे. अमेरिकेच्या यादवी युद्धांत, १८६३ च्या जुलैंत, गेटिसबर्गच्या रणांगणावरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा करण्यांत आल्या. त्यांपैकीं सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या, आणि कित्येकींत एकावर एक असे दोन किंवा अधिक बार ठासलेले निघाले. धूर आणि गदारोळ यांत आपली बंदूक उडाली कीं नाहीं, याचाही पत्ता शिपायाला लागत नव्हता.

पुढें मागून भरावयाच्या रायफली आल्या आणि नळींत डोकावणें शक्य झालें. ब्रिटिश व हिंदी पलटणींनीं दोन्ही महायुद्धांत वापरलेल्या ली-एनफील्डच्या मॅगझीनमध्यें १० काडतुसें मावत. मॅगझीन भरलेलें असलें तरी हुकुमावांचून नळींत काडतूस चढवावयाचें नाहीं, अशी शिस्त असे. पहारा संपला कीं शिपाई रांगेंत उभे राहात, बोल्ट मागें ओढीत, आणि अंमलदार एकेकाची नळी डोळ्यांनीं पाहून पुढें जाई. मगच बोल्ट मिटून चाप दाबला जाई. चित्रपटांत हें दृश्य क्वचितच दिसतें. कारण त्यांत घडण्याजोगें असें कांहींच नसतें. तें कांहीं घडूं नये, एवढ्याचसाठीं तर तो सारा खटाटोप होता.

घाईनें बनविलेल्या शस्त्रांपुढें ही शिस्तही अपुरी पडे. १९४१ सालीं पुढें आलेली स्टेन गन स्वस्त व सुटसुटीत होती. परंतु मॅगझीन लावलेलें असतां ती खालीं आपटली, तर तिचा जड बोल्ट मागें उसळून आपोआप गोळी सुटे. चापावर कोणाचें बोट नसतांही माणूस दगावण्याचा संभव राही. अखेर बोल्ट अडकवून ठेवणारी मूठ करावी लागली.

नळी न पाहण्याचें मोल चित्रपटसृष्टीलाही भरावें लागलें आहे. १९९३ सालीं 'द क्रो' या चित्रपटाच्या चित्रणांत ब्रँडन ली हा नट मरण पावला. आधींच्या एका दृश्यांतील नकली काडतुसाची गोळी नळींत अडकून राहिली होती. पुढें पोकळ बार उडवितांच तीच गोळी बाहेर पडली. २०२१ सालीं 'रस्ट'च्या चित्रणांत छायाचित्रकार हॅलिना हचिन्स यांचा अंत झाला. रिव्हॉल्व्हर निर्धोक आहे असें सांगण्यांत आलें होतें, आणि आंत खरें काडतूस होतें.

या दोन्ही मृत्यूंत बंदूक निर्धोक असल्याची केवळ समजूत होती, खात्री नव्हती. बोट सरळ ठेवण्याची नवी रीत चांगलीच आहे, आणि पडद्यावर ती शोभूनही दिसते. परंतु पहाऱ्यावरून परतलेल्या थकल्या शिपायाच्या रायफलींत डोकावणारा तो अंमलदार कोणाच्याही शब्दावर विसंबत नसे. पडद्यावर न दिसणाऱ्या त्या क्षणभराच्या तपासणीनें किती जीव वांचले, याची नोंद कोणत्याही इतिहासांत सांपडणार नाहीं.