उतरत्या किमतीची कुळकथा

कमी केलेल्या किमतीला आधी एक मूळ किंमत लागते, आणि ती उघड दिसावी लागते. मुदत संपत आलेल्या बिस्किटांच्या पुड्यावर सुपर शॉपीत कमी किमतीची जी चिठ्ठी चिकटवलेली असते, तिचा सारा अर्थ पुड्यावरच्या छापील आकड्यावर उभा असतो. तो आकडा नसेल तर माल स्वस्त असेल. किंमत ‘कमी झाली’ असे म्हणता येणार नाही. म्हणून या चिठ्ठीचे कूळ शोधायचे तर ज्या बाजारात किंमत कुठेच लिहिलेली नसते, तिथून सुरुवात करावी लागते.

वाशीम जिल्ह्यात असा आठवडी बाजार तालुक्याच्या सहाही गावांत भरतो आणि अनसिंग, शिरपूर यांसारख्या गावांतही भरतो. मंगरूळपीर तालुक्यातल्या शेलूबाजारने तर तो आपल्या नावातच घेतला आहे. या बाजारात भाजीपाल्यावर तारखेचा शिक्का नसतो. ते काम ऊन करते. सकाळी ताठ असलेली मेथीची जुडी दुपारी मान टाकते, सांभार पिवळा पडू लागतो (कोथिंबिरीला वऱ्हाडात सांभारच म्हणतात), कॅरेटच्या तळाचे टमाटे फुटतात. विक्रेत्याला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावचा बाजार गाठायचा असतो. उरलेला माल परत न्यायचा तर गाडीभाडे पुन्हा पडते, आणि पालेभाजी उद्या गिऱ्हाइकापुढे मांडण्याजोगी राहत नाही. त्यामुळे दिवस कलला की भाव सुटतो.

मात्र तो बहुधा आकड्यात सुटत नाही. दहा रुपयांचा वाटा दहा रुपयांचाच राहतो, त्यात चार वांगी जास्त पडतात. एका जुडीच्या पैशात दोन जुड्या पिशवीत येतात. किंमत तीच ठेवून माल वाढवायचा, ही मॉलमधल्या ‘एकावर एक मोफत’ची जुनी देशी रीत. सकाळच्या गिऱ्हाइकाला निवड मिळते, संध्याकाळच्याला वजन.

संध्याकाळचे गिऱ्हाईक कोण, हेही ठरलेले असे. बाजाराचा दिवस हा शेतमजुरांच्या आठवड्याच्या हिशेबाचाही दिवस. मजुरी हातात पडून माणसे बाजारात पोचेपर्यंत ऊन उतरलेले असायचे. उठत्या बाजारातली स्वस्ताई त्यांनी काटकसर म्हणून निवडली होती असे म्हणणे जरा शहरी ठरेल. त्यांच्या वाट्याला बाजाराची तेवढीच वेळ येत होती.

स्वस्तात घेतलेला ढीग त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी मार्गी लावावा लागतो, नाही तर बचत उकिरड्यावर जाते. वऱ्हाडी स्वयंपाकाचा बराच भाग या घाईतून घडलेला दिसतो. हिवाळ्यात सांभाराची रेलचेल होते, तेव्हा जुड्याच्या जुड्या चिरून त्यांचे सारण करायचे आणि तळायच्या सांभारवड्या, म्हणजेच पुडाच्या वड्या, करायच्या. वांगी मातीमोल झाली की त्यांच्या फोडी उन्हात वाळवून ठेवायच्या (वऱ्हाडात त्यांना ‘खुला’ म्हणतात). पावसाळ्यात किंवा उन्हाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की त्या डब्यातून निघतात. जे ऊन बाजारात भाजीचा भाव पाडते, तेच छपरावर तिचे आयुष्य वाढवते.

स्वस्ताईची दुसरी वाट तुटफुटीची. तूर हे या भागातले मोठे पीक, आणि डाळ मिलमध्ये तूर भरडताना अख्ख्या डाळीबरोबर तुकडा आणि चुरी पडतेच. तांदळाची कणी आणि बेकरीतला टोस्टचा चुरा याच जातीचे. हा माल शिळा नसतो, त्याचा आकार तेवढा बिघडलेला असतो, आणि किराणा दुकानात त्याला वेगळे पोते आणि वेगळा भाव असतो. चुरीच्या वरणाला अख्ख्या डाळीच्या वरणाइतकीच चव लागते, फक्त ते लवकर शिजते.

घाऊक व्यापारात किंमत केवळ अलिखितच नव्हे, तर झाकलेली असे. हत्ता पद्धतीत दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हात घालत आणि बोटे दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, त्या शेतकऱ्याला आकडा शेवटी कळे. हे झाकण उघडण्याच्या इतिहासात याच जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव अगदी आरंभी येते. वऱ्हाड 1853 पासून हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला होता. 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंजा येथे कापसाचा बाजार नियंत्रणाखाली आणण्यात आला, आणि देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद होते. हेतू शेतकऱ्याच्या कळवळ्याचा नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी भावात हवा होता. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला, आणि 1963 च्या महाराष्ट्राच्या कायद्यातून आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्या उभ्या राहिल्या. समितीच्या आवारात चारचौघांत हर्रास होतो आणि बोली सगळ्यांना ऐकू येते. ‘हर्रास’ हा शब्द अरबी ‘हराज’वरून आला. भाव पडला तरी तो कितीवरून किती पडला, हे इथे पहिल्यांदा उघडपणे दिसू लागले.

किरकोळ दुकानात किंमत उघडी व्हायला आणखी एक बदल लागला: दुकानदार मधून बाजूला होण्याचा. अमेरिकेत मेम्फिस शहरात 1916 मध्ये ‘पिगली विगली’ नावाचे दुकान उघडले, तिथे गिऱ्हाइकाने टोपली घेऊन फळ्यांवरचा माल स्वतः उचलायचा होता. विचारायला समोर कुणी नसेल, तर किंमत मालावरच असावी लागते. घासाघीस तिथेच संपली. 1930 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘किंग कलन’ने मोठी जागा, मालाच्या राशी आणि कमी नफा यांची सांगड घातली, आणि सुपर मार्केटचा साचा तयार झाला.

भारतात पाकिटावर किंमत आली ती कायद्याने. 1976 च्या वजनमाप कायद्याखाली 1977 मध्ये आवेष्टित वस्तूंचे नियम झाले. पण ‘स्थानिक कर वेगळे’ ही पळवाट शिल्लक होती, आणि कराच्या नावाखाली दुकानदार वाटेल तेवढे वाढवून घेत. 1990 मधल्या दुरुस्तीने सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे आले. लोकांच्या तोंडी तीच एमआरपी. यातला ‘कमाल’ हा शब्द महत्त्वाचा. वरची मर्यादा बांधली गेली, खालची मोकळीच राहिली. सुपर मार्केटचा सगळा सवलतींचा खेळ या मोकळ्या जागेत चालतो.

तारखेचे घराणे वेगळे. ब्रिटनमधल्या ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ने 1950 च्या दशकात मालाच्या तारखा कोठारात आपल्यापुरत्या वापरायला सुरुवात केली आणि 1970 च्या दशकात त्या गिऱ्हाइकाला दिसतील अशा फळीवर आणल्या. भारतात 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखालच्या लेबलविषयक नियमांनी दोन तारखांमधला फरक केला. ‘बेस्ट बिफोर’ ही उत्तम चवीची मुदत. ती उलटल्यावरही पदार्थ खाण्याजोगा असू शकतो. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही मात्र लक्ष्मणरेषा. त्यानंतर तो पदार्थ विकता येत नाही, फुकटही खपवू नये. 2020 च्या नियमांनी एक्सपायरी छापणे सक्तीचे आणि बेस्ट बिफोर ऐच्छिक केले.

किंमत आणि तारीख एकाच पाकिटावर आल्यावर उतरत्या किमतीची चिठ्ठी जन्माला यायला अडचण उरली नाही, आणि कायद्याने तिला नेमकी जागाही दिली. 2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार छापील मजकूर बदलण्यासाठी पाकिटावर चिठ्ठी चिकटवता येत नाही. अपवाद एकच: किंमत कमी करण्याचा. आणि त्या चिठ्ठीने मूळ छापील किंमत झाकता कामा नये. रुमालाखालच्या बोटांपासून निघालेली ही गोष्ट या नियमापर्यंत येऊन पोचते. चिठ्ठीवर बहुधा ‘ऑफर’ लिहिलेले असते. मराठीत ‘सूट’ आहे, पण दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला तो शब्द आधी आठवतो शेतसाऱ्याच्या ‘सूट-तहकुबी’मुळे.

मोठ्या साखळी दुकानांनी पुढे आठवडी बाजाराची कल्पनाच उचलली. ‘बिग बझार’ने 2006 च्या प्रजासत्ताक दिनी ‘सबसे सस्ता दिन’ साजरा केला आणि जानेवारी 2007 पासून दर बुधवारी ‘हफ्ते का सबसे सस्ता दिन’ सुरू केला, कारण बुधवारी दुकानात गर्दी कमी असे. स्वस्ताईचा वार पुन्हा ठरला. फक्त तो गावाच्या नाही, दुकानाच्या सोयीने.

घरपोच किराण्याने चिठ्ठीपुढे नवा प्रश्न टाकला, कारण तिथे गिऱ्हाइकाला पुडा उलटून तारीख पाहता येत नाही. 2024 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले की पदार्थ घरी पोचताना त्याच्या आयुष्याचा 30 टक्के भाग किंवा एक्सपायरीआधी 45 दिवस शिल्लक असावेत. त्यामुळे मुदतीच्या काठावरचा स्वस्त माल मुख्यतः दुकानातल्या फळीवरच उरतो, हाताने उचलून पाहणाऱ्यांसाठी.

अलीकडची नोंद 2021 च्या दुरुस्तीची. पाकिटावर एमआरपीबरोबर एककाची किंमतही छापणे आले: माल किलोपेक्षा कमी असेल तर ग्रॅममागे, जास्त असेल तर किलोमागे. दहा रुपयांच्या पुड्यावरचा आकडा वर्षानुवर्षे दहाच राहतो, आतले वजन मात्र घटत जाते. उठत्या बाजारात दहा रुपयांचा वाटा फुगत जातो, इथे तो बारीक होत जातो, आणि पुड्यावरच्या बारीक अक्षरांतली ग्रॅममागची किंमत तेवढी वाढलेली दिसते.