अश्वक्रीडावैद्यक

अश्वक्रीडावैद्यक : शर्यती, अडथळ्यांवरील उड्या, लांब पल्ल्याच्या दौडी इ. स्पर्धांत भाग घेणाऱ्या घोड्यांची शारीरिक क्षमता, प्रशिक्षण, इजा व रोग यांचा अभ्यास करणारी पशुवैद्यकाची शाखा. स्वतंत्र शाखा म्हणून ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. तथापि तिच्यामागे सुमारे दोनशे वर्षांचे संशोधन असून ते बहुतांशी पशुवैद्यकीय महाविद्यालयांतील व विद्यापीठांतील अध्यापकांनी केलेले आहे.

घोड्यांची चिकित्सा पुरातन आहे. भारतात शालिहोत्राच्या नावाने ती परंपरा ओळखली जाते व जयदत्ताचा अश्ववैद्यक हा त्या परंपरेतील प्रसिद्ध ग्रंथ होय. मात्र आजारी घोडा बरा करणे हाच प्राचीन चिकित्सेचा मुख्य हेतू होता. निरोगी घोडा किती वेगाने व किती वेळ धावू शकतो आणि तो कोणत्या कारणाने थांबतो, हे प्रश्न यूरोपात पशुवैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाल्यानंतरच विचारले गेले. क्लोद बूर्झला (१७१२–७९) यांनी १७६२ मध्ये फ्रान्समधील लीआँ येथे पहिले पशुवैद्यकीय विद्यालय उघडले. तेथे शिकलेले शार्ल व्हीआल द सँबेल (१७५३–९३) यांनी १७८९ मध्ये एक्लिप्स या अजिंक्य ठरलेल्या घोड्याच्या मृतदेहाचे विच्छेदन करून त्याच्या अवयवांची प्रमाणे नोंदविली. त्याचे हृदय सु. १४ पौंड (सु. ६·४ किग्रॅ.) वजनाचे, म्हणजे सामान्य घोड्याच्या हृदयापेक्षा पुष्कळच मोठे, आढळले. वेगाचे मूळ शरीररचनेत शोधण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होय. १७९१ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे सँबेल हे पहिले प्राध्यापक होते.

एकोणिसाव्या शतकात मृत शरीराकडून जिवंत शरीराकडे लक्ष वळले. लीआँ येथील ओग्यूस्त शोव्हो (१८२७–१९१७) व एत्येन-झ्यूल मारे (१८३०–१९०४) यांनी १८६१ च्या सुमारास घोड्याच्या हृदयात नळी घालून आतील दाबाचे आलेख काढले. बर्लिनमध्ये नाटान त्सुंट्स (१८४७–१९२०) यांनी फिरत्या पट्ट्यावर घोड्याला चालवून त्याच्या श्वसनातील वायूंचे मापन केले. त्यांचा व ओस्कार हागेमान यांचा, विश्रांतीत व श्रमात घोड्याच्या शरीरात होणाऱ्या चयापचयाविषयीचा ग्रंथ १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी घोडा हे शेतीचे, वाहतुकीचे व लष्कराचे प्रमुख बल होते. पुढे यंत्रवाहने आल्यावर या संशोधनाची निकड कमी झाली व काही दशके ते मागे पडले.

त्याचे पुनरुज्जीवन मुख्यत्वे स्वीडनमध्ये झाले. सूने पेर्सन यांनी १९६७ मध्ये घोड्यातील रक्ताचे आकारमान व कार्यक्षमता यांवरील प्रबंध प्रसिद्ध केला. घोड्याच्या प्लीहेत तांबड्या कोशिकांचा मोठा साठा असतो. श्रमाच्या वेळी प्लीहा आकुंचन पावून हा साठा रक्तप्रवाहात येतो. त्यामुळे रक्तातील कोशिकांचे प्रमाण विश्रांतीतील सु. ४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. यामुळे विश्रांतीत घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यावरून घोड्याची क्षमता ठरविणे फसवे असते, हे उमगले. नाडीचे ठोके मिनिटास सु. ३० ते ४० वरून २२० किंवा अधिक होतात व उत्तम शर्यती घोडा शरीरभाराच्या प्रमाणात निष्णात मानवी धावपटूच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन वापरतो. शीघ्रगती पट्ट्यांमुळे अशी मापने प्रयोगशाळेत शक्य झाली. १९८२ मध्ये ऑक्सफर्ड येथे अश्वव्यायामशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. डेव्हिड स्नो, पेर्सन व सिडनी विद्यापीठातील रूबेन रोझ यांनी तिचे वृत्त संपादित केले.

याच सुमारास मापनाचा रोख वेगाकडून इजांकडे वळला. लिओ जेफकॉट, पीटर रॉसडेल व त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये शर्यती घोड्यांच्या नासाडीचा आढावा घेतला. प्रशिक्षणाचे दिवस वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण लंगडेपणा हे असल्याचे त्यात दिसून आले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेव्हिड नूनमेकर यांनी कोवळ्या घोड्यांच्या नळीच्या हाडाचा अभ्यास केला. हाड ज्या भाराची सवय करते त्याच भाराला ते तोंड देऊ शकते. म्हणून केवळ लांब व संथ फेऱ्यांनी शर्यतीच्या वेगाची तयारी होत नाही, असे त्यांनी दाखविले. कॅलिफोर्नियात १९९० पासून शर्यतीत दगावलेल्या घोड्यांचे शवविच्छेदन करण्यात येऊ लागले. सूझन स्टोव्हर यांच्या या अभ्यासात असे आढळले की, जीवघेणे अस्थिभंग पुष्कळदा अकस्मात होत नसून आधीच पडलेल्या सूक्ष्म चिरांच्या ठिकाणी होतात. अर्थात त्यांपैकी काही टाळता येण्याजोगे असतात.

उष्णतेचा प्रश्नही असाच मापनाने सुटला. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा सु. चतुर्थांशच गतीच्या उपयोगी पडतो व उरलेली उष्णतारूपाने बाहेर टाकावी लागते. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये उन्हाने घोडे फार थकले. १९९६ च्या स्पर्धा अटलांटाच्या दमट हवेत व्हावयाच्या होत्या. तापलेल्या घोड्यावर थंड पाणी ओतल्यास त्याचे स्नायू आखडतात, अशी अश्वपालांची दृढ समजूत होती. जेफकॉट, डेव्हिड मार्लिन व इतरांनी या स्पर्धेपूर्वी केलेल्या प्रयोगांवरून वारंवार थंड पाणी ओतणे हाच शरीर निवविण्याचा परिणामकारक व निर्धोक उपाय असल्याचे सिद्ध झाले. अटलांटा येथे अंतरे कमी करण्यात आली, सक्तीची विश्रांती वाढविण्यात आली व तुषारपंखे बसविण्यात आले.

या शाखेतील मूळ पेच मात्र प्रयोगाने सुटणारा नाही. वैद्याला मोबदला मालक देतो. रुग्ण घोडा असतो व त्याला बोलता येत नाही. वेदनाशामक औषधाने लंगडेपणा झाकला जातो, पण दुखावलेले हाड तसेच राहते. १९६८ च्या केंटकी डर्बीत प्रथम आलेल्या डान्सर्स इमेज या घोड्याच्या मूत्रात फिनिलब्युटाझोन सापडल्याने त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले. तेव्हापासून औषधांवरील निर्बंध हा वादाचा विषय राहिला आहे. घोड्याला पळवता कसा येईल हे सांगणारे ज्ञानच त्याला केव्हा थांबवावे हेही सांगते. त्यांपैकी कशाचा उपयोग करावयाचा हे वैद्याच्या निष्ठेवर अवलंबून असते. अमेरिकेत २०१० मध्ये क्रीडा व पुनर्वसन पशुवैद्यकास स्वतंत्र विशेषज्ञतेची मान्यता मिळाली. तीमुळे ही जबाबदारी व्यावसायिक शिस्तीच्या चौकटीत आली आहे.