नगरच्या तटाखालचे सुरुंग

हॅकर मंडळींचा वृत्तांत लिहिणारे लेखक बहुधा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे आगगाडीच्या प्रतिकृती घेऊन रात्री जागविणाऱ्या विद्यार्थ्यांपासून, म्हणजे १९५० नंतरच्या दशकापासून, आरंभ करतात. आणि संगणकापुरते बोलावयाचे तर त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्याने अभेद्य म्हणून उभारलेल्या रचनेतील मर्मस्थान हुडकणे, कोणास सुगावा न लागू देता तेथवर पोहोचणे, आणि पोहोचल्यावर त्या ज्ञानाचे काय करावे या पेचात सापडणे, हा जो या विद्येचा गाभा, त्याचा एक फार बोलका दाखला नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटाखाली १५९६ सालीच घडून गेला आहे. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले; तट मात्र जागच्या जागी उभा आहे.

हा तट हुसेन निजामशहाने बांधविला. पूर्वीच्या मातीच्या कोटाच्या जागी १५५९ ते १५६२ या काळात त्याने दगडी काम उठविले आणि सभोवार रुंद खंदक घेतला. निजामशाहीच्या दरबारास दारूगोळ्याच्या जाणकारांचा तोटा कधीच नव्हता. विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली नगरासच ओतली गेली, आणि ती ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी हा, त्याच्या नावावरूनच उघड होते त्याप्रमाणे, तुर्कांच्या मुलखाकडचा. दारू, ओतकाम आणि सुरुंग या विद्यांत पारंगत असलेला मनुष्य कोणत्या कुळातला, कोणत्या देशचा, याची चौकशी करीत बसण्याइतकी कोणत्याही सुलतानास फुरसत नसे. त्याच्या हातास यश आहे की नाही, एवढेच पाहिले जाई. स्टीव्हन लेव्ही या अमेरिकन ग्रंथकाराने १९८४ साली हॅकरांच्या नीतीची जी कलमे नोंदविली, त्यांत माणसाची पारख पदवी, वय, वंश अथवा हुद्दा यांवरून न करता त्याच्या करामतीवरून करावी, असे एक कलम आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर हा हबशी पुढे ज्या राज्याचा सर्वाधिकारी झाला, त्या राज्यास हे कलम नवे वाटले नसते.

अकबराचा पुत्र शहाजादा मुराद डिसेंबर १५९५ मध्ये नगरास येऊन भिडला. त्याच्यासमवेत खानखानान अब्दुर्रहीम होता. परंतु विजयाचे श्रेय कोणाच्या पदरी पडावे यावरून या दोघांचे सूत कधी जुळले नाही. किल्ल्यात हुसेन निजामशहाची कन्या आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा चांदबिबी ही बालवयीन वारस बहादुर याच्या नावाने कारभार हाती घेऊन बसली होती, आणि निजामशाही सरदार मात्र निरनिराळे वारस पुढे करून आपापसांत झगडत होते.

तोफांनी तट ढासळत नाही असे दिसताच मुघलांनी सुरुंगांस हात घातला. ही विद्या वरून दिसते तितकी रांगडी नव्हे. मोर्चाच्या आडोशाने भुयार खणीत तटाच्या पायाखाली यावयाचे, अंतराचा आणि दिशेचा अंदाज अंधारात राखावयाचा, पायाखाली पोकळी करून तीत दारू ठासावयाची, आणि स्फोटाचा जोर उलट्या वाटेने आपल्याच माणसांवर न येता वर तटाकडे जावा म्हणून भुयाराचे तोंड दगडचुन्याने बुजवून केवळ बत्तीपुरती वाट ठेवावयाची, अशी ही रीत. आतल्यांचा प्रतिकारही याच विद्येचा: शत्रू कोठे खणीत आहे हे ताडून त्या दिशेने आपले भुयार न्यावयाचे आणि दारू काढून घ्यावयाची. हल्ला करणाऱ्याचे आणि रक्षण करणाऱ्याचे ज्ञान येथे एकच. दोघेही तटाकडे त्याच्या पायाच्या बाजूने पाहतात.

फेब्रुवारी १५९६ मध्ये असे पाच सुरुंग सिद्ध झाले. दुसऱ्या दिवशी बत्ती द्यावयाची, त्या आदल्या रात्री मुघलांच्याच छावणीतील ख्वाजा मुहम्मद खान शिराझी या उमरावाने तटाजवळ जाऊन सुरुंग कोठे कोठे आहेत ते आतल्यांस सांगितले. त्याच्या मनात किल्ल्यातील लोकांविषयी करुणा उपजली, असा हेतू इतिहासकार फेरिश्ता नोंदवितो. फेरिश्त्याचे तारुण्य नगरात गेले, १५८९ साली तो विजापुरास आला, तेव्हा त्याचा ओढा दख्खनेकडे असणार हे लक्षात ठेवूनच ती करुणा वाचावी. बातमी मिळताच किल्ल्यातील माणसे दाखविलेल्या जागी खणू लागली. त्यांनी दोन सुरुंगांतील दारू काढली. सर्वांत मोठ्या तिसऱ्याशी ती झटत असतानाच मुरादने बत्ती दिली आणि तटास मोठे खिंडार पडले. चांदबिबी चिलखत घालून, हाती तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली, आणि हल्ला परतविल्यावर रातोरात तेथे पुन्हा भिंत उठविण्यात आली. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला. गोळे संपल्यावर तिने सोन्यारुप्याची नाणी तोफांत भरून डागली, ही कथा लोकांच्या तोंडी अधिक राहिली. मला मात्र त्या सोन्यापेक्षा शिराझीची माहिती मोलाची वाटते.

शिराझीस काय म्हणावे? मुरादच्या तंबूतून पाहिले तर ही निखालस फितुरी. परंतु त्याने मुघलांचा मोर्चा उडविला नाही, किल्लेदारास शत्रूवर चालून जाण्याची वाट दाखविली नाही; ज्यांच्या पायाखाली दारू होती त्यांना ती दारू कोठे आहे एवढेच सांगितले. आजचे सदाचारी हॅकर याहून वेगळे करीत नाहीत: दोष सापडला की आधी मालकास कळवावयाचे, दुरुस्तीस अवधी द्यावयाचा आणि मगच तो चारचौघांत मांडावयाचा. गूगलच्या एका पथकाने हा अवधी ९० दिवसांचा ठरविला आहे. आमच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे ४३ वे कलम मालकाच्या अनुज्ञेवाचून झालेल्या प्रवेशाबद्दल भरपाईची जबाबदारी ठरविते, तर ६६ वे कलम तेच कृत्य अप्रामाणिक वा कपटी बुद्धीने केले असल्यास ते गुन्हा मानते. म्हणजे अनुज्ञा आणि हेतू यांचा निवाडा कायदा वेगवेगळा करतो. शिराझीपाशी पहिली नव्हती. दुसऱ्याविषयी फेरिश्त्याचा शब्द आहे.

आगाऊ इशारा देणारा कोणी न भेटल्यास काय होते, हे पुण्यास ऑगस्ट २०१८ मध्ये दिसले. कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या चोरांनी तिजोरी फोडली नाही. कार्डावरील मागणी मंजूर करणाऱ्या खऱ्या नाक्याऐवजी त्यांनी स्वतःचे खोटे नाके बसविले, आणि प्रत्येक मागणीस तेथूनच होकार मिळू लागला. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत मिळून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. कार्डांनी काढलेला पैसा २८ देशांतून उचलला गेला. तट बाहेरून अभंगच दिसत होता.

नगरच्या प्रकरणाचा शेवट यापेक्षा कडू आहे. १६०० साली शहाजादा दानियाल पुन्हा त्याच तटाखाली सुरुंग खणवू लागला, तेव्हा किल्ला आता टिकणार नाही हे चांदबिबीने ओळखले आणि वाटाघाटीने तो सोडून बहादुरसह जुन्नरास निघून जावे असा विचार किल्ल्यातील हमीदखान या अधिकाऱ्यापाशी बोलून दाखविला. आपल्याच तटाची दुर्बलता तिने आपल्याच माणसास सांगितली, इतकेच. हमीदखान बाहेर धावला, बिबी मुघलांना फितूर झाली म्हणून ओरडत सुटला, आणि चिथावलेल्या जमावाने महालात शिरून तिला ठार केले. पुढे थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, सुरुंग उडाले, किल्ला मुघलांच्या हाती गेला आणि बहादुरला ग्वाल्हेरच्या बंदिवासात धाडण्यात आले.