मेण नसलेली मेणकापडे

मेणकापडातले ‘मेण’ हे संस्कृत ‘मदना’चे वंशज. मदन, प्राकृत मयण, मग मेण, असा सरळ उतार दिसतो. कामदेवाचे नाव पोळ्यात शिरले ते शेजारच्या ‘मधु’मुळे असावे. मेणाला संस्कृतात दुसरा शब्द ‘सिक्थ’. टाचांच्या भेगांवरच्या सिक्थतैलात तो अजून तग धरून आहे. सिक्थाचाच आणखी एक अर्थ शिजल्या भाताचा गोळा. तळकोकणापासून गोव्यापर्यंत ताटात पडणारे ‘शीत’ त्यातूनच आले असावे. दोन्ही अर्थांना जोडणारा दुवा अर्थात चिकटपणा!

फारसीत मेण म्हणजे ‘मोम’, आणि मोम लावलेला जामा तो मोमजामा. ताईत भिजू नये म्हणून तो यात शिवत. मोमचाच भाऊबंद ‘मोमिया’, म्हणजे इराणच्या डोंगरांतून झिरपणारे, मोडल्या हाडावर गुणकारी मानलेले काळे औषध. मिसरातल्या प्रेतांवरचा काळा लेप तसाच दिसला, औषधाचे नाव प्रेताला लागले आणि ‘ममी’ झाली. पुढे युरोपातले औषधविके प्रेतच कुटून विकू लागले. वास्तविक प्रेताला मेण माखून पुरत ते इराणी, अशी हिरोडोटसची नोंद आहे. इंग्लंडचा पहिला एडवर्ड १३०७ मध्ये वारला. १७७४ मध्ये कबर उघडली, तेव्हा त्याचा देह मेणकापडातच गुंडाळलेला निघाला.

आपले मेणकापड मात्र तान्ह्याच्या दुपट्याखाली रमले, आणि तिथे त्यातले मेण गेले. उरले रबर नाहीतर प्लास्टिक. मेणबत्तीत खनिज तेलातून निघालेले पॅराफिन असते. समईच्या नावात अरबी ‘शमअ’, म्हणजे मेण, दडलेले दिसते. जळते ते तेल.

मालवणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्यांवर पडते ती ताडपत्री. हे इंग्रजी ‘टारपॉलिन’चे रूप असावे. माडाच्या झापांनी आडोसे करणाऱ्या मुलखात या परक्या शब्दाचे पान व्हावे, हे कानाला पटते. मुळातला ‘टार’ म्हणजे डांबर, आणि उरलेल्या भागात शवपेटीवर पांघरायचे वस्त्र, ‘पॉल’, असावे. होडीवरच्या निळ्या प्लास्टिकमध्ये ताडही नाही, डांबरही नाही.

राहता राहिला ‘मेणा’. बंद पालखीवर मेणकापड घालत असतील, त्यावरून हे नाव पडले असेल, असे सहज वाटते. पण हा शब्द फारसी ‘मियाना’वरून आलेला दिसतो. बाकीच्यांतले मेण निघून गेले; मेण्यात ते कधी नव्हतेच.